बी मायनर सूट: कूरांत सुटली!

मी पियानोवर बसवत असलेल्या सूटमधली (नाचांच्या मालिकेतली) कूरांत, म्हणजे त्यातला एक नाच, मागच्या अपडेटमध्ये रुतून बसली होती. ती आज पहिल्यांदा शेवटपर्यंत नाचत गेली, म्हणून लगेच लिहायला बसलेय. बाखची फ्रेंच सूट क्र. ३, बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची सूची) ८१४. आलमांद (सूटमधला पहिला नाच) बसली आहे. बाखच्या मुलाच्या, फ्रीडेमानच्या, १७२० च्या वहीतला अलंकारांचा तक्ता समोर चिकटवल्यापासून साराबांद या संथ नाचातले ट्रिलही (दोन शेजारच्या सुरांची झपाझप अदलाबदल) वरच्या सुरापासून न चुकता सुरू होतात. याचा आनंद वेगळाच!

कूरांतचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. लिहिलंय ६/४, म्हणजे एका बारमध्ये (तालाच्या एका खणात) तीन-तीन क्रॉचेटचे (पाव लांबीच्या सुरांचे) दोन गट. पण फ्रेंच कूरांतची खोडच अशी, की मधूनच तेच सहा दोन-दोन-दोन असे फुटतात आणि ३/२ ऐकू येतं. मेट्रोनोम बारमध्ये दोनदा वाजवला की हेमिओला (ही दोन-दोनची फोड) चिरडतो, तीनदा वाजवला की बाकी सगळं.

आधी तोंडाने दादरा धरला: धा धी ना, धा ती ना. बोल तेच, टाळी मात्र एक, तीन, पाचवर. ते जमलं. मग प्रत्येक बारवर पेन्सिलीने २ किंवा ३ असा आकडा टाकला. कागदावर सगळं लख्ख दिसायचं, पण वाजवलेलं ऐकलं की दोन्ही बार सारखेच.

उलगडा झाला तो डिजिटल पियानोचा टच रिस्पॉन्स बंद करून हार्पसिकॉर्डचा आवाज लावल्यावर. पट्टी आपटा नाहीतर कुरवाळा, आवाज तेवढाच. मग ठोक्याला वजन आणायचं कुठून? आधीचा सूर जरासा लवकर सोडून! त्या बारीक फटीमुळे पुढचा सूर आपसूक जड वाटतो. तीन-तीनच्या बारमध्ये ही फट चौथ्या क्रॉचेटच्या आधी, दोन-दोनच्या बारमध्ये तिसऱ्या आणि पाचव्याच्या आधी. त्यासाठी डाव्या हाताची बोटं बदलली. जिथे अंगठा खालून सरकवून सलग जात होते, तिथे आता हात उचलून नवी जागा धरते. बोटांचे छापील आकडे बहुतेक वेळा सलग वाजवण्याच्या सोयीचे असतात, त्यामुळे माझं स्पष्ट मत: बोटांचे आकडे नसलेली उर्टेक्स्ट (मूळ स्वरलेखनाला धरून छापलेली) प्रत घ्या आणि पेन्सिल हाताशी ठेवा.

टच परत चालू केला तरी फटी टिकल्या, आणि पियानोच्या आवाजातही बार वळताना ऐकू आले!

आता याच सूटमधला आंग्लेझ हा नाच घ्यायचा असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, आधी पहिल्या सूटची डी मायनर कूरांत काढावी. ती ३/२ मध्ये लिहिलेली, म्हणजे हाच खेळ उलट्या बाजूने. पाचव्या सूटमधली ३/४ ची याला उपयोगी नाही, ती इटालियन पद्धतीची, सरळ धावणारी. आणि हो, नुसता डावा हात रेकॉर्ड करून त्यावर उजवा वाजवला तर फटी जुळतात का, हे आज रात्रीच हेडफोन लावून बघणार आहे.