बोहारणीला न दिलेलं गाठोडं

बोहारीण दारात टोपली उतरवायची तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडायचे. आई स्टीलच्या डब्यांच्या बाजूने, आजी गोधडीच्या. खरं म्हणजे भांडायला कारणच नव्हतं. बोहारणीला हव्या असत टेरिकॉटच्या पँटी, न विरलेले शर्ट, जरीच्या साड्या. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती जुनेर ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायची. 'ह्याला कोण विचारतंय, ताई!' आजी तेवढ्यासाठीच उंबऱ्यात बसलेली असे. बाजूला पडलेलं सगळं गोळा करून ती माळ्यावरच्या गाठोड्यात कोंबे. तरी वाद व्हायचाच, कारण प्रत्येक खेपेला मधल्या अवस्थेतली एखादी साडी निघायची. बोहारीण ती नाखुशीने घेई, आजी हौसेने.

या मधल्या अवस्थेचं आजीचं ज्ञान पक्कं होतं. नवं सुती लुगडं गोधडीला चालत नाही. त्यात खळ असते, सुई अडते, आणि पुढे धुण्यात ते आटलं की गोधडीला चुण्या पडतात. फार विरलेलंही चालत नाही, टाक्यापाशीच फाटतं. लुगडं उजेडात धरलं तर पलीकडची खिडकी दिसावी, पण खिडकीचे गज मोजता येऊ नयेत, अशी तिची परीक्षा होती. माझ्या माहितीत कापडाची इतकी सोपी आणि इतकी बिनचूक चाचणी दुसरी नाही.

पण गोधडी ही लुगड्याची शेवटची पायरी. त्याआधी दंड. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसून-उठून मधला भाग आधी विरतो, पदर मात्र धड असतो. मग विरलेला तुकडा कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवायची, हे दंड घालणं. ऐकायला सोपं आहे. पण शिवण कुठे यावी याचा हिशेब नेसणारीच्या अंगाचा असतो. ती निऱ्यांत गडप झाली तर कुणाला कळणार नाही, पाठीवर आली तर गावभर दिसेल. काकू उंच, आजी ठेंगणी, त्यामुळे एकीचा दंड दुसरीला चालायचा नाही. कधी एकाच लुगड्याची दोन टोकं पुरत नसत, मग दोन वेगवेगळ्या लुगड्यांची सोयरीक जुळवावी लागे. हिरव्याचा पदर, जांभळ्याच्या निऱ्या. जुळवण्याआधी दोन्ही दांडीवर शेजारी शेजारी टाकून आजी चार पावलं मागे जायची, डोळे बारीक करायची आणि काही न बोलता एक काढून दुसरं टाकायची. चित्रकला आम्हाला शाळेत शिकवली जात होती, ती अशी मागे सरून बघायला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

चादरीला हीच युक्ती उभी करायची. मधे विरली की लांबीत दोन भाग करून कडा मधे घ्यायच्या आणि मधल्या कडेला. त्या चादरीवर झोपलं की शिवण पाठीला टोचायची, आणि आम्ही भावंडं शिवणीच्या अलीकडे-पलीकडे हद्दी आखून भांडायचो. आजोबांच्या सदऱ्याची कॉलर घासली की उसवून, उलटून, पुन्हा बसवली जाई. आतली बाजू नवीकोरी असतेच, ती वापरायची तेवढी राहिलेली असते.

नव्या जिवाचं पहिलं कापड तर जुनंच असावं लागे. आजोबांच्या धोतराचं झबलं, आजीच्या लुगड्याचं दुपटं. झबल्याला बटण नाही, बंद. बटण टोचतं आणि बाळ वाढलं की अडतं, बंद सैल करता येतो. मापाला टेप नव्हती, वीत होती. बाळाच्या छातीवर वीत टेकवली की झालं. नवा कपडा यायचा तो बाळंतविड्यात, आत्या-मावशीकडून, आणि त्यात सगळ्यात नखरेल वस्तू म्हणजे खणाची कुंची. डोक्याला टोपीसारखी बसणारी, मागे पाठीवर झग्यासारखी सुटणारी. तिला कडेने मोती, शेंड्याला गोंडा. बाळ तासाभरात ती ओली करून ठेवणार हे शिवणारीला पुरतं माहीत असतं. तरी ती मोती एकेक करून ओवते.

या सगळ्याला काटकसर म्हणायची पद्धत आहे. वडीलधाऱ्या बायकांचं कौतुक करायचं झालं की आपण 'किती काटकसरी होत्या' म्हणतो आणि मोकळे होतो. मला ते अर्धंच पटतं. काटकसरीने थंडी भागते. पण मग आमच्या गोधडीला चारी बाजूंनी लाल खणाची पट्टी कशाला होती? तो खण धड होता, कुणाच्या तरी ओटीत आलेला. त्याची चोळी झाली असती. काटकसरी बाईने चोळीच शिवली असती आणि गोधडीला कडेनं दुसरं जुनेर दुमडलं असतं. आजीने चोळी बुडवली.

हे एकट्या आमच्या घरातलं वेड नव्हे, याचा पुरावा मला बऱ्याच उशिरा मिळाला. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तिथून निसटून रानात वसलेल्या लोकांचे वंशज त्यांच्यात आहेत. कवंदी म्हणजे आपली गोधडीच, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची. एका कोपऱ्यापासून टाके घालत कडेकडेने फिरायचं आणि फेऱ्या मारत मधे पोचायचं. सगळं झालं की चारी कोपऱ्यांवर कापडाचे छोटे दुमडलेले तुकडे एकावर एक बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. उबेला त्यांचा काडीचा उपयोग नाही. पण ते नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकी कला-इतिहासकाराने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्याच देशात, अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावर घालून विटलेल्या पँटी आणि शर्ट कापून केलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली. चांगलंच झालं. आजीची गोधडी मात्र मी भिंतीवर लावणार नाही. भिंतीला थंडी वाजत नाही.

गोधडी घालायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, ओसरीवर. खाली एक अख्खं लुगडं पसरायचं, त्यावर फाटक्यातले धड तुकडे, वर पुन्हा एक अख्खं. चारी कोपऱ्यांना वजनं: पाटा, वरवंटा, पायली, चौथ्याला एखादं रिकामं नातवंड. आधी लांब लांब कच्चे टाके, मग खरा धावदोरा. दोघी-तिघी समोरासमोर बसायच्या आणि कडेकडून मधे सरकायच्या. उजवा हात टाके घाली, डावा तळवा सारखा कापडावरून फिरत राही. मला वाटायचं ही नुसती सवय आहे. खरं काम तोच हात करत होता. थरांमधली चुणी कडेला अडकली तर तिथेच फुगा राहतो, म्हणून ती तळव्याने पुढे पुढे ढकलत न्यायची आणि वाटेत जिरवायची. आजीला सुईचं नेढं दिसेनासं झालं तेव्हाही तिचे टाके सरळ येत, कारण तिची रेघ डोळ्यांवर नव्हतीच, अंगठ्याच्या पेरावर होती. आमचं काम सुया ओवून ठेवायचं. दोरा फार लांब घेतला की ती ओरडायची, 'आळशाचा दोरा लांब!' लांब दोऱ्याला गाठी पडतात, हे त्या ओरडण्यामागचं शास्त्र.

प्रत्येकीचा टाका वेगळा. काकूचा तांदळासारखा बारीक, आजीचा ऐसपैस. अजूनही गोधडीवर हात फिरवला की कुठे आजी उठून चहाला गेली आणि काकू तिच्या जागी बसली ते कळतं.

दसऱ्याआधी घर धुऊन काढताना या गोधड्या नदीवर जायच्या. कोरडी असताना तीनेक किलोची गोधडी भिजली की एका माणसाला उचलत नाही. पायांनी तुडवायची आणि दोघांनी दोन टोकं धरून विरुद्ध दिशांना पिळायची. माझ्या मते नवरा-बायकोची पत्रिका बघण्याऐवजी हा प्रयोग करून बघावा.

आत्याचा प्रांत लोकरीचा. तिच्याकडे नवी लोकर क्वचितच यायची. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की ती टोकाचा धागा शोधायची, आणि तो सापडला की स्वेटर सरसर उसवत जायचा. आम्ही दोन हात पुढे करून बसायचो, ती त्यावर लोकर गुंडाळायची. उसवलेली लोकर कुरळी असते, टाक्यांचा आकार धरून बसलेली. लड बांधून ती कोमट पाण्यात धुवायची आणि खाली तांब्या अडकवून वाळत घालायची, मग ती सरळ होई. दोन जुन्या स्वेटरांतून एक नवा, त्यामुळे पट्टे आलेच. पट्टे किती रुंद, हे लोकर ठरवत असे. निळी संपत आली की आत्या एक ओळ निळी, एक ओळ करडी असं करत रंग हळूहळू पातळ करत न्यायची, म्हणजे ती संपल्याचं कळायचं नाही. आम्हाला तो खास नमुना वाटायचा आणि शाळेत हेवाही व्हायचा. तिच्या पहिल्या सुया सायकलच्या स्पोकच्या होत्या, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. पुढे चांगल्या सुया मिळाल्या तरी मोज्यांना ती स्पोकच घ्यायची.

याच बायकांनी नंतर प्लॅस्टिकच्या वायरच्या पिशव्या विणल्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून चटया केल्या आणि कॅसेटच्या रिळाची क्रोशाने पर्सही करून पाहिली. पर्स चमकायची झकास, पण तिच्यात सुट्टे पैसे टिकत नसत. सगळंच सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. रुखवतात मांडलेला थर्माकोलचा बंगला मला तेव्हाही सोसवत नव्हता.

खरी पंचाईत केली ती नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी. त्या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम टिपत नाहीत. थर एकमेकांवरून घसरतात, टाका बसत नाही. आजी त्यांना 'न मरणाऱ्या साड्या' म्हणायची आणि गाठोड्याला शिवू द्यायची नाही. पण वाया त्याही जात नाहीत. त्यांच्या पट्ट्या फाडून, वेणी घालून पायपुसणी होतात, पीळ घालून बैलाचं दावं होतं. रानडुकरं पिकात शिरतात म्हणून आता कितीतरी ठिकाणी शेताभोवती साड्याच साड्या बांधलेल्या दिसतात. एसटीच्या खिडकीतून बघितलं तर भुईमुगाला गुलबक्षी, पोपटी, मोरपिशी कुंपण. त्यातही कुणीतरी एकाआड एक रंग लावलेले असतात. डुकराला त्याचं काय?

पुण्यात आता गोधडी शिवून देणाऱ्या बायका सोसायट्यांमधून फिरतात. आमच्या पार्किंगमध्ये त्यांच्यातल्या एक मावशी सतरंजी टाकून बसल्या होत्या. मी ढीग नेऊन ठेवला: सुती कुर्ते, दोन जुन्या चादरी, नवऱ्याचे पळण्याच्या स्पर्धांतले टी-शर्ट. टी-शर्ट त्यांनी हाताला लागताच परत केले. 'हे निसटतंय.' बाकीचं रंगांनुसार लावत बसल्या, दोनदा मोडलं, पुन्हा लावलं. मग ढिगात चुकून गेलेली माझी केशरी ओढणी ओढून काढली आणि गोधडीच्या कडेला धरून बघितली.

"ही कडंला लागंल."

"अहो मावशी, ती चांगली आहे अजून. वापरते मी."

"म्हनूनच."

ओढणी दिली. तिच्याबरोबरचा कुर्ता तेव्हापासून कपाटात नुसता लटकतोय. खिडकीसमोर धरून बघितला, अजून खिडकी दिसत नाही.