पूजो यूओ-८ : उजवा कप निघाला एकदाचा!!

निघाला! सायकलच्या फ्रेममधला, पेडलच्या एक्सलचे छर्रे ज्यात बसतात तो वाटीसारखा उजवा कप, काल रात्री पावणेबाराला. मी एवढ्या जोरात ओरडलो की खालच्या काकूंनी फोन करून विचारलं, चोर शिरला का म्हणून.

मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, मामांच्या पूजो सायकलच्या कॉटर पिना, म्हणजे पेडलचे दांडे एक्सलला अडकवणाऱ्या खुंट्या, काढण्यातच अख्खी दिवाळी गेली होती, एक ठोकून निघाली, दुसरी ड्रिल करावी लागली. तेव्हा वाटलं अवघड ते संपलं. डावीकडचा कप तर अगदी सहज सुटला, छर्रे डब्यात (दोन्हीकडे पाव इंची, ११-११, एकही हरवला नाही, टाळ्या), एक्सल बाहेर, आणि मग हा उजवा फिक्स्ड कप. पाच आठवडे!

चूक माझीच. आपला हात बसलेला काळ्या सायकलींवर, तिथे उजव्या कपाला उलटे आटे, म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. मी तसाच फिरवत बसलो. हलेना म्हणून पेठेतल्या एका मेकॅनिककडे नेली, त्यांनीही पान्याला दीड फुटी पाइप लावून तिकडेच जोर केला. थोडक्यात आम्ही दोघांनी मिळून तो सोडवला नाही, आवळला. वर स्प्रे, डिझेल, हीट गन, सगळं झालं, आवळताना काय उपयोग त्याचा.

मग गेल्या रविवारी डावा कप रॉकेलमध्ये घासताना मळाखाली अक्षरं दिसली, ३५ × १, म्हणजे ३५ मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे. फ्रेंच माप! इंग्लिश असता तर १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. व्यासात फरक जेमतेम ०.२ मिमी, झिजलेल्या कपावर माझ्या दोनशे रुपयांच्या कॅलिपरला तो काय कळणार (स्वस्त कॅलिपर घेऊ नका, परत एकदा सांगतो). फ्रेंचमध्ये दोन्ही कप सुलट आट्यांचे. पण थांबा, स्विस पण ३५ × १च असतं आणि त्यात उजवा उलटा, मोटोबेकान सायकलवाल्यांना हा ताप माहीत असेल. म्हणून शेलमध्ये (फ्रेमच्या ज्या नळीत कप बसतात ती) टॉर्च मारून कपाच्या आत उरलेल्या आट्यांचा तिरकेपणा बघितला, डावीकडे जसा तसाच उजवीकडे. म्हणजे सुलटच.

आता दिशा कळली पण कपाला पकडायला दोन चपट्या बाजू, त्याही आमच्या पराक्रमाने गोल झालेल्या. बोल्टची ट्रिक सगळ्यांना माहितीये, बोल्ट कपातून घालून नटने आवळायचा आणि बोल्टच फिरवत राहायचा. पण ती उलट्या आट्यांसाठी. सुलट्या कपावर तसं केलं की कप आणखी आवळतो, आणि उलट फिरवलं की बोल्टच सुटतो. दोन रात्री डोकं खाल्लं याने. आणि मग आंघोळ करताना सुचलं की बोल्टचं डोकं आत ठेवायचं, नट बाहेर, आणि डावीकडून शेलमधून सॉकेट घालून डोकं आवळायच्या दिशेने फिरवायचं. तिकडून आवळणं म्हणजे चेनच्या बाजूने बघितलं तर सोडवणं!

बोहरी आळीतून एम१६ बोल्ट, जाड वॉशर, स्प्रिंग वॉशर आणले. २४चं सॉकेट शेलमधून अगदी काठोकाठ जातं, पातळ भिंतीचंच घ्या. आधी नट पान्याने धरून मरेस्तोवर आवळला, मग पाना काढला, बायको फ्रेम धरून बसली, ब्रेकर बारवर सगळं वजन टाकलं, आणि टक्. पहिल्यांदा वाटलं बोल्ट तुटला. मग नटसकट कप फिरताना दिसला.

आत ग्रीसचं मेण झालेलं, पण रेस (छर्रे फिरतात ती जागा) चकचकीत, एक खड्डा नाही. त्यामुळे थ्रेडलेस कार्ट्रिजचा (आट्यांशिवाय बसणारं तयार बेअरिंग) बेत रद्द, ओरिजिनलच परत बसणार. फक्त सुलट आट्यांचा उजवा कप चालवताना सुटत जातो म्हणून यावेळी निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावणार.

कॉटर पिनांचं मात्र रडगाणं चालूच आहे. हिला ९ मिमी लागतात, आपल्याकडे मिळतात साडेनऊच्या. ऑनलाइन एकाकडून मागवल्या, पाकिटावर ९, आत साडेनऊ. परत घेत नाही म्हणतो. लेथवर उतरवून घेईन.

आणि हे लिहिता लिहिता एक लक्षात आलं. फ्रेमला पावडर कोटिंगचा रंग देताना आट्यांत पावडर गेली तर ३५ × १चा टॅप (आटे साफ करायचं हत्यार) पुण्यात कोणाकडे आहे? मला तरी माहीत नाही. शिवाय डाउनट्यूबवरचे स्टिकर अजून शाबूत आहेत. जाऊ दे, रंग नकोच, कटिंग पॉलिश आणि वॅक्स. आता कोणीतरी विचारेलच की रंगासाठीच तर कप काढायचा होता ना, नाहीतर आहे तिथेच पुसला असता.

हो. हसून घ्या.

तोवर २७ × १¼ टायर कोणाकडे असतील तर सांगा, ६३०वाले (रिमवर टायर बसतो तिथला मिमीतला व्यास). दुकानात गेलं की २८ × १½ काढून देतात, "चालतंय की" म्हणत. ते ६३५, नाही चालत.