ड्रम नसताना लागलेला दिवा

रबाळे एमआयडीसीतील एका वंगण तेलाच्या कारखान्यात २१० लिटरचे पत्र्याचे ड्रम भरणारी एक जुनी लाइन होती. तिचे सगळे नियंत्रण रिलेच्या, म्हणजे कॉइलमध्ये वीज आली की उघड-बंद होणाऱ्या स्विचच्या, पॅनेलवर चालत असे. रिलेचे सॉकेट सैल झाले होते, टायमर मिळेनासे झाले होते आणि ड्रॉइंग व प्रत्यक्ष वायरिंग यांचा संबंध केव्हाच तुटला होता. ते पॅनेल काढून त्या जागी पीएलसीचे, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचे, पॅनेल बसवण्याचे काम ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यशाळेकडे आले. पॅनेल, प्रोग्राम आणि लाइन चालू करून देणे एवढी जबाबदारी आमची होती. मशीनवरचे जंक्शन बॉक्स, सेन्सर आणि तिथून पॅनेलपर्यंत येणाऱ्या केबल जुन्याच राहतील, असे कारखान्याच्या खरेदी विभागाने खर्च कमी करताना ठरवले होते. या धंद्यात असा करार नेहमीचाच आहे, पण मला तो कधीही पटलेला नाही. नव्या पॅनेलला जुनी वायरिंग जोडली की पुढे जे काही बिघडेल ते नव्याच्या नावावर लिहिले जाते.

जुलैचा महिना होता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने बदलाबदलीसाठी तोच दिवस मिळाला होता आणि संध्याकाळपर्यंत लाइन तेलावर चालवून दाखवायची होती. पारसिकच्या डोंगरावरून पावसाचे पाणी सकाळपासून रस्त्यावर उतरत होते. जुन्या पॅनेलमधली वायर कापण्यापूर्वी प्रत्येक वायरवर नवा फेरूल, म्हणजे वायरचा क्रमांक लिहिलेली छोटी नळी, चढवायचा, तिचे दुसरे टोक कुठे जाते हे बझरने तपासायचे आणि मगच कटर लावायचा, ही शिस्त आमच्या वायरमनने पाळली. या कामात घाई केली तर पुढे दुप्पट वेळ जातो, हे त्याला सांगावे लागत नाही. दुपारनंतर लूप चेकिंग, म्हणजे प्रत्येक सेन्सरचा सिग्नल पॅनेलपर्यंत पोहोचतो का याची तपासणी, झाली. एकजण मशीनपाशी उभा राहून प्रत्येक प्रॉक्ससमोर (धातू जवळ आला की सिग्नल देणाऱ्या सेन्सरसमोर) लोखंडी पट्टी धरत होता आणि आमची प्रोग्रामर पॅनेलपाशी बसून फोनवर “आला”, “गेला” असे सांगत होती. सगळे इनपुट, म्हणजे पीएलसीत येणारे सिग्नल, बरोबर आले. अर्थात त्या वेळी कन्व्हेयर बंद होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

लाइनचे काम समजायला सोपे आहे. रोलर कन्व्हेयरवरून ड्रम येतो, स्टॉपरला टेकतो, तिथला प्रॉक्स “ड्रम जागेवर” असा सिग्नल देतो. मग हवेच्या सिलिंडरवर बसवलेली लान्स, म्हणजे तेल सोडणारी लांब नळी, ड्रमच्या तोंडातून खाली उतरते. ती तळाशी पोहोचल्याचे दुसरा प्रॉक्स सांगतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. फ्लोमीटरचे पल्स मोजून ठरलेले माप झाले की व्हॉल्व्ह बंद होतो, लान्स वर जाते आणि ती वर पोहोचल्याचे तिसऱ्या प्रॉक्सने सांगितल्यावर ड्रम पुढे सरकतो. वजनकाट्यावर भरणारी लाइन असती तर रिकाम्या ड्रमचे पंधरा-वीस किलो आधी काट्यावर दिसावे लागले असते. इथे मात्र ड्रम आहे की नाही याची एकच साक्ष होती, ती त्या एका प्रॉक्सची.

ट्रायलचे पहिले काही ड्रम निर्वेध भरले गेले. मेंटेनन्सचे साहेब समाधानाने मागे उभे होते आणि लाइनवर वर्षानुवर्षे काम केलेले ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, नव्या टचस्क्रीनकडे थोड्या संशयाने पाहत होते. एक ड्रम पुढे गेला, दुसरा अजून रोलरवर दूर होता आणि स्टॉपरसमोर काहीही नव्हते. त्या क्षणी लान्सला खाली येण्याचा हुकूम मिळाला आणि ती अर्ध्यावरही आली नसताना व्हॉल्व्ह उघडला. तेलाची जाड धार रोलरवर आणि तिथून जमिनीवर पडू लागली. मामांनी दोन ढांगांत पोहोचून लाल मशरूम बटण दाबले आणि धार थांबली. ते बटण व्हॉल्व्हच्या आणि मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या वीजपुरवठ्यात थेट वायरने जोडलेले होते; पीएलसीला फक्त ते दाबले गेल्याची बातमी कळत होती. पैसे वाचवण्यासाठी हे बटण प्रोग्राममधून फिरवा, असा आग्रह धरणारे लोक मला भेटतात. त्यांना मी यापुढे त्या दिवशीची धार सांगणार आहे.

हेल्परने लाकडाचा भुसा आणून पसरला आणि साहेबांनी निकाल देऊन टाकला की प्रोग्राममध्ये घोळ आहे. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. सेन्सर तेच, केबल त्याच, बॉक्स तोच. जुन्या पॅनेलवर ड्रम नसताना एकदाही तेल सुटले नव्हते. बदलले होते ते फक्त पॅनेल आणि प्रोग्राम. आमची प्रोग्रामर वयाने लहान असल्याने बोलण्याचा रोखही आपोआप तिच्याकडेच गेला. तिने वाद घातला नाही. लॅपटॉपवर नोंदवलेला ट्रेंड, म्हणजे सिग्नलचा वेळेनुसार आलेख, उघडून तिने एवढेच दाखवले की धार सुटली त्या क्षणी “ड्रम जागेवर”, “लान्स खाली” आणि “लान्स वर” हे तिन्ही इनपुट एकाच वेळी चालू झाले होते. लान्स एकाच क्षणी वर आणि खाली असू शकत नाही. प्रोग्राम काहीही लिहिला तरी इनपुट कार्डावरचा दिवा तो लावू शकत नाही. तो दिवा बाहेरून आलेल्या विजेनेच लागतो. साहेबांचे म्हणणे असे पडले की मग कार्ड खराब असेल.

लाइन थांबल्यावर तिन्ही दिवे विझलेले होते, त्यामुळे दोष पुन्हा घडवून आणल्याशिवाय इलाज नव्हता. तेलाचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद केला, सिलिंडरची हवा तोडली आणि नुसता कन्व्हेयर चालवला. मी मल्टिमीटरची एक पिन शून्य व्होल्टच्या टर्मिनलवर आणि दुसरी “ड्रम जागेवर” या वायरच्या टर्मिनलवर धरून बसलो. बराच वेळ आकडा शून्यापाशीच रेंगाळत होता. मग रोलरवर रिकामा ड्रम आदळला, तिन्ही दिवे लागले आणि मीटरवर १७ व्होल्टच्या आसपासचा आकडा आला.

माझ्या दृष्टीने अर्धे कोडे तिथेच सुटले. तीन वायरचा पीएनपी प्रॉक्स, म्हणजे सिग्नलच्या वायरवर २४ व्होल्ट देणारा प्रॉक्स, खरोखर चालू होतो तेव्हा टर्मिनलवर जवळजवळ पूर्ण २४ व्होल्ट मिळतात; आत फार तर एक-दोन व्होल्ट गळतात. सतरा हा आकडा ना धड चालूचा, ना धड बंदचा. पण पीएलसीच्या इनपुटला असा मधला आकडा बोलून दाखवता येत नाही. आयईसी ६११३१-२ या मानकानुसार टाइप १ च्या २४ व्होल्टच्या डिजिटल इनपुटने ५ व्होल्टपर्यंत “नाही” आणि १५ व्होल्टच्या वर “आहे” असे समजायचे असते. सतराला तो “आहे” म्हणाला, ते नियमाला धरूनच होते. दिव्याकडे पाहून निदान करणारे तंत्रज्ञ इथेच फसतात. दिवा सतरा व्होल्टला लागतो आणि चोवीसलाही लागतो.

हे सतरा व्होल्ट येत कुठून होते, हे मी कागदावर आकृती काढून साहेबांना समजावत असतानाच मामा मधे बोलले. “साहेब, पूर्वीपण ही कधीकधी ड्रम घ्यायची नाही. ड्रम टेकलेला असायचा, पण नळी खाली यायची नाही. मग तिथल्या त्या डब्याला एक थाप मारली की घ्यायची.” मी त्यांना विचारले, “मामा, हे कधीपासून?” ते म्हणाले, “पावसाळ्यात जास्त. आम्ही कोणाला सांगितलं नाही, चालायचं ना थाप मारून.”

त्या एका वाक्याने उरलेले कोडे सुटले. प्रॉक्सला तीन वायर असतात: तपकिरी वायरने २४ व्होल्ट मिळतात, निळी शून्य व्होल्टला परत जाते आणि काळी सिग्नल देते. निळी वायर तुटली तर प्रॉक्स मुकाट बंद पडेल असे आपल्याला वाटते, पण सेन्सरच्या आतल्या सर्किटला लागणारा काही मिलिॲम्पिअरचा प्रवाह परतीची दुसरी वाट शोधतो. आउटपुटच्या संरक्षणासाठी आत बसवलेल्या डायोडमधून तो काळ्या वायरवर येतो आणि पीएलसीच्या इनपुटमधून शून्याकडे जातो. इनपुटचा रोध साधारण चार हजार ओहम धरला तर चार-साडेचार मिलिॲम्पिअरला सोळा-अठरा व्होल्ट होतात. पुढे काहीही नसताना सेन्सर “आहे” म्हणतो तो असा. सगळ्या प्रॉक्सच्या निळ्या वायर एकाच टर्मिनलवर एकत्र केलेल्या असतील, तर ते एक टर्मिनल सैल झाल्यावर त्या बॉक्समधले सगळे सेन्सर एकदम खोटे बोलतात.

मग जुन्या पॅनेलवर असे का होत नव्हते? तिथे काळ्या वायरच्या टोकाला रिलेची कॉइल होती. अशा २४ व्होल्टच्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण साडेसहाशे ओहम असतो आणि ती ओढली जायला पंचवीस-तीस मिलिॲम्पिअर लागतात. चार-पाच मिलिॲम्पिअरने तिच्यावर जेमतेम तीन व्होल्ट येत आणि रिले हलतही नसे. उलट, निळी वायर सुटलेली असताना ड्रम आला तर प्रॉक्सला नीट कामच करता येत नसे. म्हणून लान्स खाली येत नसे आणि मामा डब्याला थाप मारत. दोष तोच होता, पण रिले जरासा बहिरा असल्याने तो “ड्रम नाही” या सुरक्षित बाजूला पडत होता. पीएलसीच्या तीक्ष्ण कानांना तीच कुजबुज ऐकू गेली आणि दोष धोक्याच्या बाजूला आला. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांमधल्या रिलेंच्या भिंती हटवण्यासाठी ही यंत्रे जन्माला आली आणि वीजतंत्रज्ञांना परकी वाटू नयेत म्हणून त्यांच्या प्रोग्रामची लॅडरची, म्हणजे शिडीसारखी, आकृतीही रिलेच्या ड्रॉइंगसारखीच ठेवली गेली. त्यामुळे इनपुट हा रिलेच आहे असे धरून चालण्याची सवय अजूनही जात नाही.

बॉक्स उघडला. तो कन्व्हेयरच्या चौकटीला, शेडच्या पत्र्याच्या कडेखाली ठोकलेला होता. वरच्या बाजूला काढून टाकलेल्या केबलचे एक भोक तसेच उघडे राहिले होते आणि त्यातून पाणी आत टपकत आले होते. तळाशी गंजाचे तपकिरी पाणी, स्क्रूवर पांढरी भुकटी. निळ्या वायरी लग (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) न लावता, नुसते पिळलेले तांबे एकाच टर्मिनलमध्ये कोंबून बसवल्या होत्या आणि ते तांबे हिरवे पडून काडीसारखे कडक झाले होते. स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर स्क्रू जवळजवळ पूर्ण वेढा फिरला. बॉक्सच्या कडेवर मी मुठीने हलकेच ठोकले, तर तिकडे पॅनेलपाशी बसलेली प्रोग्रामर ओरडली, “सर, तिन्ही आले!” साहेबांनी पुढे होऊन स्वतः एकदा ठोकून पाहिले आणि मग ते काही बोलले नाहीत.

त्या रात्रीची दुरुस्ती साधी होती. टर्मिनलची पूर्ण पट्टी बदलून स्प्रिंगची टर्मिनल लावली, हिरवे तांबे कापून ताज्या टोकांना लग क्रिंप केले, उघडे भोक बंद केले आणि बॉक्स पाण्याच्या वाटेतून बाजूला सरकवला. केबलमध्ये रिकाम्या वायरी होत्या, त्यांतल्या एकीने शून्य व्होल्ट पॅनेलपर्यंत दुसऱ्या वाटेने आणला, म्हणजे एक जोड सुटला तरी दुसरा धरून राहील. प्रोग्राममध्येही भर घातली, मात्र ती चूक सुधारण्यासाठी नव्हे. लान्स वर आणि खाली हे दोन्ही एकत्र दिसले की लाइन थांबून स्क्रीनवर तसे लिहून येईल. आणि भरलेला ड्रम पुढे गेल्यावर “ड्रम जागेवर” हा सिग्नल एकदा तरी बंद झाला पाहिजे, नाहीतर पुढची पायरी सुरू होणार नाही. पुढे त्या जागी एनओ आणि एनसी असे दोन्ही, म्हणजे एक चालू असताना दुसरे बंद असणारे, आउटपुट देणारा चार वायरचा प्रॉक्सही बसवून घेतला. त्याचे दोन्ही आउटपुट एकाच वेळी चालू दिसले तर पीएलसीला तो खोटा आहे हे लगेच कळते.

मध्यरात्रीच्या सुमारास लाइन पुन्हा तेलावर चालवली, मुद्दाम दोन ड्रममध्ये मोठे अंतर ठेवून. मामांनी बॉक्सला नेहमीची थाप मारून पाहिली. काहीही झाले नाही.

सर्व्हिस रिपोर्ट लिहिताना मात्र पुन्हा थांबावे लागले. साहेबांनी “प्रोग्राममध्ये सुधारणा करून लाइन चालू केली” असे लिहिले होते. त्यात मला त्यांचा दुष्टावा दिसला नाही. जंक्शन बॉक्स त्यांच्या खात्याचा होता आणि सांडलेल्या तेलाचा हिशोब सकाळी कोणीतरी मागणारच होते. प्रोग्रामरने पेन खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “सर, शून्य व्होल्टची जोडणी सैल होती असं लिहा, मग मी सही करते.” थोडी कुरकुर झाली, पण तिच्या ट्रेंडची छापील प्रत टेबलावर होती. शेवटी तसे लिहिले गेले आणि खाली लाइनवरचे उरलेले सगळे बॉक्स तपासण्याची शिफारसही आली. पुढच्या शुक्रवारी ते उघडले तेव्हा कन्व्हेयरच्या दुसऱ्या टोकाच्या बॉक्समध्ये निळी वायर टर्मिनलमध्ये घट्ट बसलेली सापडली, ओढूनही निघत नव्हती. फक्त स्क्रूखाली तांबे नव्हते, इन्सुलेशनच दाबलेले होते.