'कोट ऑफ आर्म्स'मध्ये शस्त्रं कुठे असतात?

'आर्म्स लायसन्स' म्हणजे शस्त्रपरवाना, मग 'कोट ऑफ आर्म्स'वर, म्हणजे युरोपीय थाटाच्या ढालीच्या मानचिन्हावर, सिंह आणि फुलंच का दिसतात, असं तुम्ही विचारलंत म्हणून.

शब्द एकच, लॅटिन 'आर्मा'तून आलेला. त्यात तलवार, ढाल, चिलखत असा लढाईचा सगळा सरंजाम येतो. या अर्थी तो कायम अनेकवचनी. एका शस्त्राला इंग्रजीत 'अॅन आर्म' म्हणत नाहीत, 'वेपन' म्हणतात.

बाराव्या शतकात पश्चिम युरोपातले सरदार ढालीवर स्वतःचं ठरावीक चिन्ह रंगवू लागले. चिलखत आणि शिरस्त्राण चढवलेला माणूस ओळखू यावा, हा त्यातला उघड फायदा. तेच चिन्ह चिलखतावरच्या अंगरख्यावरही येई; 'कोट' तो हा. म्हणून इथे 'आर्म्स' म्हणजे ढालीवरचं चित्र. ढाल वगळून उरलेला थाट, म्हणजे बाजूचे प्राणी, वरचं शिरस्त्राण, खालची ब्रीदवाक्याची पट्टी, ही जोड आहे. शिरस्त्राणाच्या माथ्यावर असतो तो 'क्रेस्ट'. अख्ख्या चिन्हाला क्रेस्ट म्हणणं ही इंग्रजांचीही नेहमीची चूक. आडनाव सांगून 'फॅमिली क्रेस्ट' विकत घेणं तर निव्वळ फसगत, कारण इंग्लंडमध्ये आर्म्स व्यक्तीला मिळतात आणि वंशजांकडे जातात, आडनावाला नाही. तिथे ते देण्याचं काम 1484 साली स्थापन झालेलं 'कॉलेज ऑफ आर्म्स' करतं.

वाचताना दोन गोष्टींत गडबड होते. उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची मोजायची. आपल्याला डावीकडे दिसते ती त्याची उजवी. दुसरं रंगांचं: सोनेरी-रुपेरी हे 'धातू', लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर काळा सिंह लांबून दिसणारच नाही! जेरुसलेमच्या राज्याचे रुपेरीवरचे सोनेरी क्रूस हा प्रसिद्ध अपवाद.

ही पद्धत आपल्याकडे संस्थानिकांच्या गळ्यात मारली गेली ती 1877च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या मुलकी अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी युरोपीय थाटाची चिन्हं रचली आणि ती झेंड्यांवर उतरवून त्यांना बहाल करण्यात आली.

भारताच्या सिंहमुद्रेला इंग्रजीत कुणी कुणी 'कोट ऑफ आर्म्स' म्हणतात. तिच्यात ढाल नाही, तेव्हा काटेकोर अर्थाने ते चूकच. अधिकृत इंग्रजी नाव 'स्टेट एम्ब्लेम' आहे. मराठीत 'राजचिन्ह' म्हणा.