पंप चालू झाला की स्क्रीन बंद

सोलापुरात होटगी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जेसीबी, गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांचे दिवे, हे रोजचं काम. त्याआधी पाच वर्षं मी रत्नागिरीला मिरकरवाड्यात मच्छीमार बोटींवर जीपीएस आणि फिश फाइंडर बसवत होतो. इकडं आल्यावर ते काम सुटलं. त्यामुळं गेल्या मे महिन्यात करमाळा तालुक्यातून एका आप्पांचा फोन आला, तेव्हा बोटीचं नाव ऐकूनच मी दुकान पोरावर सोडून जायचं ठरवलं.

"मिस्त्री, जीपीएसची स्क्रीन चालतीया, पर ऐनवेळी बंद पडतीया. दोघांनी बघितलं. काठावर लावली की झ्याक चालती."

उजनी धरणाच्या पाण्यावर कुगावकडून इंदापूरच्या बाजूला जायला लोक पिढीभर बोटीच वापरत आलेत. रस्त्यानं गेलं तर केवढा तरी वळसा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर आप्पांच्या मुंबईतल्या पुतण्यानं त्यांना लाइफ जॅकेटं घेऊन दिली, आणि ससून डॉकच्या ओळखीतून जुना प्लॉटर, म्हणजे नकाशावर बोटीची जागा दाखवणारी जीपीएसची स्क्रीन, आणि पाण्याची खोली मोजणारा एक इको साउंडर पाठवला. कुणाकडून तरी जोडणी करून घेतली होती. ते कोण, हे मी विचारलं नाही.

पहाटे निघून जेऊरमार्गे नऊच्या सुमाराला काठावर पोचलो. धरण मायनसमध्ये होतं. सोलापूरकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: ११७ टीएमसीच्या या धरणात सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आहे, आणि पाणी त्याच्या खाली गेलं की टक्केवारी वजा दाखवतात. बोटवाल्यासाठी याचा अर्थ वेगळा. भाद्रपदात ज्या बाभळीच्या खोडावरून, जुन्या गावाच्या भिंतीवरून बोट बिनधास्त जाते, तीच खोडं-भिंती मे महिन्यात हातभर पाण्याखाली येऊन बसतात. आप्पांना हे सगळं तोंडपाठ होतं, पण दिवसा. संध्याकाळी वावटळ उठून समोरचा काठ दिसेनासा झाला, की त्यांना स्क्रीन हवी होती.

प्लॉटरमधलं नकाशाचं कार्ड कोकण किनाऱ्याचं होतं. उजनीच्या जागी नुसता कोरा पडदा. तरी त्याचा उपयोग मोठा आहे: बोट गेली ती वाट तो आखून ठेवतो आणि धोक्याच्या जागी खूण घालता येते. त्या खुणेबरोबर खोलीही साठली तर सोन्याहून पिवळं. पण इको साउंडर स्वतःच्या पडद्यावर खोली दाखवत होता आणि प्लॉटरवर मात्र तीन आडव्या रेघा.

तो दोष अर्ध्या तासात सापडला. ही यंत्रं एकमेकांशी एनएमईए ०१८३ नावाच्या पद्धतीनं बोलतात. त्यात एक बोलणारा असतो आणि बाकीचे ऐकणारे. बोलणाऱ्याची वायर ऐकणाऱ्याच्या कानात गेली पाहिजे. इथं तपकिरीला तपकिरी, पांढऱ्याला पांढरी जोडलेली. म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांना बांधलेली आणि कान मोकळे. या पद्धतीत वायरींचे रंग ठरलेले नाहीत, प्रत्येक कंपनीचे वेगळे. मी लॅपटॉप लावला, निरोपांचा वेग सेकंदाला ४८०० बिट ठेवला, तसं डॉलरच्या खुणेपासून सुरू होणारं वाक्य सेकंदा-सेकंदाला यायला लागलं. त्यात खोली ३.४ मीटर. साउंडर जुना, एकाच वायरीवर बोलणारा. म्हणून त्याची बोलायची वायर प्लॉटरच्या ऐकायच्या 'ए' वायरीला दिली, आणि प्लॉटरची ऐकायची 'बी' वायर साउंडरच्या निगेटिव्हला. रेघा गेल्या, ३.४ उमटलं. साउंडर आवाज तळाशी पाठवून परत ऐकतो; पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणजे या खोलीचा निरोप पाच मिलिसेकंदांच्या आतच परत येतो. आप्पांचा धाकटा मुलगा हे ऐकून वाकून पाण्याकडंच बघत बसला.

पण ज्यासाठी बोलावलं होतं ते बाकीच होतं. स्क्रीन बंद पडेना. तासभर चालू ठेवली, बोट हलवली, वायरी ओढून बघितल्या. काही नाही. मग मी आप्पांना विचारलं, बंद पडते तेव्हा बोटीत नेमकं काय चाललेलं असतं?

"काय चालणार? वारं असतंय, लाटा आत येत्यात, मी सुकाणू धरून बसलेला असतोय."

लाटा आत येतात, म्हणजे बोटीच्या पोटात पाणी साचतं, म्हणजे फ्लोट, पाण्यावर तरंगणारं बटण, वर उचलला जाऊन ते पाणी बाहेर फेकणारा पंप आपोआप चालू होतो. काठावर पंप कधी चालूच झाला नव्हता. मी बादली मागितली. आप्पा आधी तयार होईनात. बोटीत आपल्या हातानं पाणी ओतायचं त्यांना बरं वाटेना. मग मुलानंच भरून आणली. चौथ्या बादलीला फ्लोट उचलला, पंप घरघरला आणि स्क्रीन काळी झाली.

मल्टिमीटर प्लॉटरच्या पिनांवर होता. १२.३ ची बॅटरी, पंपाच्या ठोक्याला पिनांवर ९.६. हा प्लॉटर १० व्होल्टच्या खाली मरतो.

बॅटरी मागे, पंपही मागे. पण पंपाची लाइन पुढं डॅशबोर्डपर्यंत नेऊन, तिथल्या बटणातून परत मागे आणलेली. आणि प्लॉटर, साउंडर, दिवा, पंप या सगळ्यांना मिळून एकच घरगुती १ चौरस मिलिमीटरची जोडी. सहा मीटर जायला, सहा यायला. ९ अँपिअर त्यातून ओढले की जवळपास १.९ व्होल्ट नुसत्या तांब्यात जातात. उरलेले कुठं जातात ते शोधायला मी बोटानं वायर चाचपत मागे गेलो. फळीखाली एक पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला सांधा होता. हाताला गरम. टेप सोडली, तर आत तांबं काळं पडलेलं, कडेला हिरवट पूड, आणि बारीक तारांपैकी निम्म्या तुटलेल्या. त्या दोन इंचांत ०.८ व्होल्ट पडत होते. मी तो तुकडा कापून आप्पांच्या हातात दिला. ते बराच वेळ तो अंगठ्यानं चोळत राहिले. "म्हंजे पाणी आत आलं, की हे आंधळं व्हायचं," एवढंच म्हणाले.

गाडीत मिरकरवाड्याच्या दिवसांतली कल्हई केलेल्या तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर होती, ती पूर्ण पुरली. पंपाला बॅटरीपासून स्वतःची लाइन आणि स्वतःचा फ्यूज. मेन स्विच बंद असला तरी फ्लोट जिवंत राहील अशी, कारण बोट रात्री बांधलेली असतानाही पाणी येतं. यंत्रांना वेगळी जोडी, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. सगळे सांधे लग दाबून, वर श्रिंक ट्यूब. होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींत पिळून घेतल्या, म्हणजे त्यांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. तिथंच मुलाचा गाण्याचा स्पीकर ठेवलेला होता. तो उचलला तशी सुई चांगली दोन बोटं सरकली. तो स्पीकर परत तिथं दिसू नये, हे मी मुलाला जरा मोठ्यानंच सांगितलं.

चार वाजता वारं उठलं. आप्पा म्हणाले, आता बघू. दोघंच निघालो, जॅकेट घालून, काठ नजरेत ठेवून. पुन्हा बादल्या, पुन्हा पंप. पिनांवर १२.० आणि स्क्रीन तशीच. आप्पांनी सुकाणू सोडलं नाही, फक्त मान वळवून आकडा वाचला, मग एका जागी वेग कमी करून म्हणाले, "हितं घाला खूण." खाली काय आहे विचारलं. "आमच्या चुलत्याची विहीर. काठ अजून उभा हाय." साउंडरवर तळ ४ मीटरवरून अचानक १.१ वर आला आणि पुन्हा खाली गेला. मी १.१ ला बटण दाबलं.

परतताना त्यांनी आणखी एक मागितलं: पंप चालू झालाय हे वाऱ्यात ऐकू येत नाही, ते कळावं. ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा लाल दिवा माझ्या डब्यात होता. तो डॅशबोर्डवर बसवला, पंपाच्या लाइनवर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेआठला फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता, पण आप्पा काठावरून बोलत होते. "मिस्त्री, लाल दिवा लागला हुता. धा मिनिटं लागला. स्क्रीन चालू हाय अजून, बंदच करायचं इसरलो." मी त्यांना बंद करायला सांगितलं, बॅटरी उतरेल म्हणून.