१५ किलोंचं बदक

परवा रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात रिकामा सिलिंडर दोन्ही हातांनी उचलून उभी होते. त्याच्यावर रिकामं वजन १५.३ किलो लिहिलंय. पोकेमॉन गेममधल्या प्राण्यांची माहिती देणाऱ्या पोकेडेक्समध्ये फारफेच्ड या बदकाचं वजन १५ किलो आहे, उंची ०.८ मीटर. माझ्या गोष्टीतल्या पोराला ते रात्रीच्या अंधारात जंगलातून उचलून आणायचं होतं, आणि किती पावलांवर त्याचे हात भरून येतील तेच मला लिहिता येत नव्हतं.

आई पाणी प्यायला उठली. "गळतोय का गं?"

"नाही. बदक आणायचंय त्याला. एवढंच जड आहे ते."

गोष्टीचं तिला माहीत आहे. तिनं विचारलं, "झोपलेलं की जागं?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. झोपलेलं पोर दगडासारखं जड लागतं, म्हणाली. जागं असलं की मानेला मिठी मारतं, मग निम्मा भार त्याचा तोच घेतो. जत्रेतून परत येताना मला तिनं दोन्ही तऱ्हांनी आणलंय.

ही गोष्ट म्हणजे माझी पोकेमॉन फॅनफिक्शन, म्हणजे त्या गेमच्या जगात मी रचलेली माझी कथा. मराठीत लिहितेय, सात महिने झाले. पोकेमॉनचे गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम जपानमध्ये १९९९ साली आले. ज्यांनी खेळलेत त्यांना अझेलिया गाव आठवत असेल. गावाच्या पश्चिमेला इलेक्स जंगल आहे आणि तिथे तोंडाशीच एक पोरगा रडकुंडीला येऊन उभा असतो. कोळसेवाल्याच्या हाताखाली शिकणारा. कोळशासाठी लाकूड कापणारं मालकाचं फारफेच्ड त्याच्याकडून निसटलंय आणि काळोख्या जंगलात शिरायची त्याची छाती होत नाही. आपण जातो, पक्ष्याला इकडून तिकडून वळवत आणून देतो, बदल्यात 'कट' ही वाटेतली झाडं तोडायची चाल मिळते, आणि आपण पुढच्या वाटेला लागतो. पोरगा तिथेच राहतो. जाता जाता एवढंच कळतं की त्याच्याजवळ बॅज, म्हणजे लढती जिंकून मिळणारा बिल्ला, नाही, म्हणून मालकाचं पोकेमॉन त्याचं ऐकत नाही.

दादा हा गेम घरच्या कॉम्प्युटरवर खेळायचा, मी शेजारी बसून बघायचे. तो तेव्हाच पुढच्या शहरात, गोल्डनरॉडला पोचला. माझं मन मात्र त्या पोरापाशी अडकलं. त्याला गेममध्ये नाव नाही. मीही अजून दिलेलं नाही.

नायक पहिल्या दिवशी ठरला. त्याच्या सोबतीला कुठलं पोकेमॉन द्यायचं, यानं चार महिने खाल्ले. आधी मी त्याला सिंडाक्विल दिलं होतं. कोळशाची भट्टी आहे, पाठीवर जाळ असलेला प्राणी आहे, म्हटलं छान जुळतंय. तीन प्रकरणं लिहिली आणि गोष्ट जागच्या जागी बसली. भट्टी पेटवायची? सिंडाक्विल पेटवतं. थंडी वाजतेय? सिंडाक्विलला जवळ घ्या. अंधाराची भीती? पाठीवरचा जाळ आहेच. पोराला स्वतःहून करायला काही उरलंच नाही.

मग कोळसा कसा करतात ते वाचायला घेतलं, आणि ही निवड किती उथळ होती ते कळलं. कोळसा जाळून होत नाही, जाळ अडवून होतो. लाकूड रचायचं, पेटवायचं आणि भट्टीचं तोंड लिंपून हवा तोडायची. हवा जास्त गेली तर हातात राख येते. इलेक्स जंगलाचं जपानी नाव उबामे. जपानच्या किशू भागात, म्हणजे आजच्या वाकायामाकडे, उबामे ओकच्या लाकडापासून बिंचोतान नावाचा कोळसा करतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की धातूसारखे किणकिणतात इतका टणक. त्यात शेवटी थोडी थोडी हवा आत सोडतात, उष्णता १००० अंशांच्या वर जाते, मग लालबुंद कोळसा बाहेर ओढून ओलसर राखमातीखाली दाबून विझवतात. सगळं कसब थांबण्यात आणि नेमक्या क्षणी हलण्यात. जे पोरगं घाबरून जागचं हलत नाही, त्याला मी असल्या धंद्यात शिकाऊ म्हणून ठेवलंय. त्याच्या शेजारी जाळ ओकणारा प्राणी काय कामाचा?

त्याला हवा होता त्याचं न ऐकणारा प्राणी. आणि तो तर गेमनंच त्याच्या हाती दिला होता, माझंच लक्ष नव्हतं.

फारफेच्डचं मूळ नाव कामोनेगी. कामो म्हणजे रानबदक, नेगी म्हणजे लांब पातीचा कांदा; हा पक्षी तशी पात हातात धरूनच फिरतो. जपानीत म्हण आहे, बदक कांद्याची पात घेऊनच आलं. रश्श्याचं सगळं सामान आपल्या पायांनी चालत दारात! आपल्याकडे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसंच काहीसं. आता हे त्या पक्ष्याच्या बाजूनं बघा. सगळ्या जगाच्या लेखी तुम्ही आयतं जेवण आहात, आणि ज्या पातीमुळे तुमची गणती जेवणात होते तीच तुमची तलवार आहे. असा जीव कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास ठेवेल का? त्याच्या आज्ञा न पाळण्याला बॅजपेक्षा मोठं कारण मला इथे मिळालं.

सिल्व्हरच्या पोकेडेक्समधलं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलंय. अडीअडचणीला हा पक्षी हातातली पात खाऊन टाकतो आणि मग नवी शोधायला पळत सुटतो. म्हणजे तो त्या दिवशी का पळाला, हेही मिळालं. तो भुकेला होता. त्याला दाणा घालायचं काम या पोराचं होतं, आणि पोरगा दोन दिवस भट्टीच्या धुराकडे बघत बसला होता. गेममध्ये हे नाही, ही माझी भर. पण ती सुचली त्या रात्री मी सहा पानं लिहिली. चूक पोराची, शिक्षा पक्ष्याला, आणि तो परत आला तर कशासाठी येईल, हा प्रश्न पुढची अकरा प्रकरणं पुरला.

एका वाचक मैत्रिणीनं अगदी मनापासून सुचवलं की शेवटी त्याला उत्क्रांत होऊन सरफेच्ड, म्हणजे त्याचं मोठं रूप, होऊ दे. तिचं म्हणणं मला समजतं, ते पोकेमॉन देखणं आहे. पण सरफेच्ड होतं ते गॅलार या दुसऱ्या प्रदेशातलं फारफेच्ड, एकाच लढाईत तीन क्रिटिकल हिट, म्हणजे वर्मी बसणारे जोरदार फटके, मारल्यावर, आणि तेही २०१९ च्या गेमपासून. माझी गोष्ट घडते त्या जोहतोमधलं उत्क्रांत होतच नाही. मला हेच हवंय. आपण फॅनफिक्शन लिहिणारे फार वेळा उत्क्रांतीच्या झगमगाटावर भागवतो. नायक खचला की सोबती मोठा होतो आणि प्रकरण संपतं. माझा पक्षी शेवटच्या पानावरही ०.८ मीटरच असणार. काय बदललं ते मला त्याच्या चालण्यातून दाखवायचंय, पोराच्या किती जवळून चालतो त्यातून.

नवीन लिहिणारे विचारतात, सोबती कुठला घेऊ. मी त्यांना विचारते, तो खातो काय, झोपतो कुठे, आणि नायकाचं कुठलं काम बिघडवतो? गेममधला त्याचा टाइप आणि लेव्हल नंतर बघता येतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या रात्रीच ठरवलं. पक्षी जागा आहे. जंगलाच्या मधोमध त्याचा पाय मुरगळलाय, हातात पात नाही. पोरगा त्याला छातीशी धरून चालतोय. पहिली दोनशे पावलं पक्षी अंग ताठ ठेवतो, सगळे १५ किलो पोराच्या मनगटांवर. पोरगा एका खोडाला टेकतो, घाम पुसायला हात मोकळा नाही म्हणून तोंड खांद्याला पुसतो. पुन्हा उचलतो. जंगलातल्या छोट्या देवळाजवळ येतात तेव्हा पक्षी एक पंख उचलून त्याच्या मानेमागे टाकतो. पोराला वाटतं, वाट उताराची लागली.