पद्धत बरोबर, उत्तर चूक

सोळाव्या वर्षी गणिताच्या एका चाचणीत मी पाच गुण अशा चुकांवर गमावले की त्या पाहून मलाच राग आला. एका ओळीत उणे सात लिहिलेले होते आणि लगेच खालच्या ओळीत तेच अधिक सात झाले होते. पद्धत सगळीकडे बरोबर होती. बाईंनी उत्तरपत्रिका परत देताना रात्री किती वाजता झोपतोस, एवढेच विचारले. साडेपाच-सहा तास झोप मला पुरते, असे मी काहीशा अभिमानानेच सांगितले.

पुढे थकव्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी औषध न देता एक वही घालायला सांगितली. दिवा किती वाजता मालवला, अंदाजे झोप केव्हा लागली, जाग केव्हा आली, दिवसा डुलकी काढली का, चहा-कॉफी केव्हा घेतली आणि तासाला पेंग आली का, अशा रकान्यांत दोन आठवडे नोंद करायची होती. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, आणि माझी शाळेच्या दिवसांची सरासरी पावणेसहा तास निघाली. त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. वहीत 'पेंग आली नाही' असे लिहिलेल्या दिवसाची इतिहासाची वही सहज उघडली, तर अक्षरे ओळ सोडून खाली घसरत गेलेली होती आणि शेवटी पेनाची एक लांबलचक रेघ उमटलेली होती. ती मी केव्हा ओढली, हे मला आठवतच नव्हते.

डॉक्टरांना याचे आश्चर्य वाटले नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलेल्या प्रौढांचे लक्ष आख्खी रात्र जागलेल्या माणसाइतके ढासळले होते, पण आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच त्यांना वाटत होते. म्हणजे 'मला पुरते' हा माझा दाखला मुळातच निरुपयोगी होता.

सुधारणेची सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. बाराला झोपणारा मी एकदम दहाला अंथरुणावर पडलो आणि दोन तास छताकडे पाहत राहिलो. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन उशिरा स्रवू लागते आणि नेहमीच्या झोपेआधीचे एक-दोन तास तर उलट सर्वांत टवटवीत असतात. (घरी मला आळशी म्हणणाऱ्यांना मी हे दोनदा समजावून सांगितले, फारसा उपयोग झाला नाही.) त्यातच रविवारी अकरापर्यंत झोपून मी ते घड्याळ आणखी पुढे ढकलत होतो, त्यामुळे सोमवारी सकाळी माझ्या शरीराच्या लेखी मध्यरात्रच असे.

म्हणून दुसऱ्या खेपेला झोपायची वेळ सोडून उठायची वेळ धरली. सातही दिवस सहाला उठायचे, उठल्याबरोबर बाहेरच्या उजेडात यायचे आणि झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, असे ठरले. दुपारी चारनंतरची कॉफी बंद केली, कारण तिच्यातले निम्मे कॅफिन साधारण पाच तासांनंतरही अंगात शिल्लक असते. फोन दुसऱ्या खोलीत गेला. त्याच्या निळ्या प्रकाशाचा बराच गवगवा होतो, पण मला जागवत होते ते मित्रांचे निरोप.

सर्वांत जड गेली ती शाळेतून आल्यावरची दीड तासाची झोप सोडणे. जागेपणी मेंदूत झोपेची ओढ साठत जाते आणि ती डुलकी नेमकी तीच साठवण संध्याकाळी खर्चून टाकत होती. वीस मिनिटांचा गजर लावून उठताना पहिले दहा दिवस मी धाकट्या भावावर विनाकारण खेकसत असे. तिसऱ्या आठवड्यात तर सगळे सोडून द्यावेसे वाटले, कारण जुनी डुलकी गेली होती आणि रात्रीची झोप अजून लांबली नव्हती.

चौथ्या आठवड्यात अकराच्या आत डोळा लागू लागला, सहाव्यात साडेदहाच्या आत. सरासरी साडेसात तासांच्या थोडी पुढे गेली. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरणही बंद केले, कारण दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होते. पहाटेचे दोन तास कापले, तर स्वप्नझोपेचा मोठा वाटाच कापला जातो, कारण ती रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते.

पुढच्या चाचणीत चिन्हाची चूक एकच झाली. अवघड प्रमेय मात्र तेव्हाही आले नाही, ते मी नीट वाचलेलेच नव्हते. शाळा सातलाच भरते. माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सुचवले आहे, पण आमचे वेळापत्रक माझ्या हातात नाही. आठ तास गाठायचे, तर मला दहाला झोपावे लागते आणि मित्रांच्या गप्पा नेमक्या तेव्हाच रंगात येतात. शनिवारी मी त्यांच्यात अकरापर्यंत असतो. रविवारच्या रकान्यात मात्र उठण्याची वेळ सहाच लिहिलेली असते.